बारा लाख फी, पंधरा लाख पगार: खासगी विद्यापीठाचं गणित कोणी जमवलंय का?

रामबागकर
मंडळी, नमस्कार. राहणार इंदूर, नोकरी पीथमपूरला. मुलगी यंदा बारावी झाली, सीबीएसई, ९३ टक्के. अर्थशास्त्रच शिकायचं हे तिने दहावीतच ठरवलं होतं. दिल्लीजवळच्या एका खासगी विद्यापीठाचा अर्ज, परीक्षा, निबंध, मुलाखत, सगळं तिने आम्हाला फारसं न विचारता उरकलं आणि परवा प्रवेशाचं पत्र आलं. घरात पेढे वाटून झाले. मग पत्राचं दुसरं पान उघडलं. ट्यूशन ९ लाख २० हजार, होस्टेल आणि मेस २ लाख ६० हजार. म्हणजे वर्षाला ११ लाख ८० हजार. चार वर्षं.

आता आमचं. माझ्या हातात महिना १ लाख ५ हजार येतात, बायको शाळेत शिकवते, तिचे २२ हजार. घराचा हप्ता २१ हजार, अजून तीन वर्षं आहे. धाकटा आठवीत. आई आमच्याकडेच, तिची पेन्शन तिच्या औषधपाण्यात जाते. मुलीचं सुकन्या खातं २०१५ साली उघडलं होतं, त्यात जमेल तसं टाकत आलो. पीएफला हात लावायची इच्छा नाही.

ऑफिसात विषय काढला तर एक जण म्हणाला, "भिया, इतने में तो फ्लॅट आ जाए." सरकारी योजना बघाव्या तर प्रत्येकीत ८ लाखांची रेघ. आम्ही रेघेच्या वर, आणि रेघेच्या वर गेलो की सरकारच्या हिशेबात आम्ही आणि पलासियात बंगला असणारे एकच.

पत्रासोबत आर्थिक मदतीचा एक फॉर्मही आलाय. तो गरजू मुलांसाठी असणार, म्हणून आम्ही भरलेला नाही. उत्तर द्यायला १८ दिवस आहेत. सल्ले हवेत, पण आकड्यांसकट द्या.

जिरावण
आकड्यांसकट देतो. खंडवा रोडला देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे, तिथे अर्थशास्त्राची अध्ययनशाळा आहे, प्रवेश सीयूईटीतून, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. पोरगी घरचे पोहे खाऊन जाईल, संध्याकाळी घरी. तुमच्या ५० लाखांत तिथली अर्धी बॅच शिकून निघेल.

रामबागकर
सीयूईटी दिली आहे तिने. तो पर्याय हातचा धरूनच विचारतोय.

काउंटर_नंबर_चार
३१ वर्षं सरकारी बँकेत काढली, शेवटची सात कर्ज विभागात. तेव्हा थोडं सविस्तर.

शैक्षणिक कर्जाचा साधारण ढाचा असा: ४ लाखांपर्यंत तारण नाही. ४ ते साडेसात लाखांना जामीनदार मागता येतो, पण केंद्राच्या हमी योजनेत बसलं तर साडेसातपर्यंत तारणही नाही, जामीनदारही नाही. त्याच्या वर गेलं की बँक घराचे कागद मागते. बऱ्याच बँकांनी नावाजलेल्या संस्थांची आपापली यादी केलेली असते. त्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर मोठी रक्कमही विनातारण देतात. म्हणून मॅनेजरसमोर बसल्यावर पहिला प्रश्न व्याजाचा नको. आधी विचारा, आमचं विद्यापीठ तुमच्या कुठल्या यादीत बसतं.

दुसरं, पीएम-विद्यालक्ष्मी, केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. लोक ती वाचत जातात आणि तुमच्यासारखे ८ लाखांच्या ओळीशी येऊन पान मिटतात. ती ओळ व्याजाच्या सवलतीची आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना आणि नंतरच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सरकार भरतं. ते तुम्हाला नाही. पण तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, हा त्या योजनेचा दुसरा भाग आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अट संस्थेची आहे. एनआयआरएफमध्ये, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत, एकूण, गटवार किंवा विषयवार पहिल्या शंभरात असलेल्या संस्था, त्यात खासगीही आल्या. सुरुवातीची यादी ८६० संस्थांची होती. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर मात्र नाही. तुमच्या मुलीचा प्रवेश परीक्षा देऊन आहे, तेव्हा यादी तपासा.

आता गणित, कारण ते कोणीच करून दाखवत नाही. १० लाख कर्ज, दरवर्षी अडीच लाख उचललं, व्याज १० टक्के धरू. शिक्षण चार वर्षं आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतंच, सरळव्याजाने. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं सव्वा लाख, दुसऱ्यावर १ लाख, तिसऱ्यावर ७५ हजार, चौथ्यावर ५०. झाले साडेतीन लाख. हप्ता सुरू होताना मुलीच्या डोक्यावर १० नाही, साडेतेरा लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १७,८४०, एकूण भरणा २१ लाखांच्या पुढे.

हेच व्याज तुम्ही शिक्षण चालू असतानाच भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना २,०८३, दुसऱ्या वर्षी ४,१६७, तिसऱ्या वर्षी ६,२५०, पुढे ८,३३३, तर मुलीचा हप्ता १३,२१५ वर येतो आणि घराचे एकूण दोन लाख वाचतात. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला आणि मुलीच्या नावाच्या कर्जाला बऱ्याच सरकारी बँका दरात थोडी सूट देतात. न मागता कोणी सांगत नाही. मीही सांगत नसे, समोर रांग असायची.

सराफ्यातली
वरचं गणित मी छापून ठेवतेय.

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. मुलाला इथेच, बायपासच्या पलीकडच्या एका खासगी विद्यापीठात घातलं. कारण काय, तर "५० टक्के स्कॉलरशिप". राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत त्यांचे बोर्ड होते तेव्हा. बारावीचे टक्के दाखवले, तिथल्या तिथे पत्र हातात, चहा-बिस्किट, फोटो. पहिलं वर्ष अर्धी फी. पत्राचं दुसरं पान मी दुसऱ्या वर्षी वाचलं. प्रत्येक सेमिस्टरला साडेआठ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) हवा आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. पोराला पहिल्या सेमिस्टरला ८.१. गणितात मार खाल्ला. सूट गेली ती गेलीच. खिडकीवरच्या मुलाने पत्रावर बोट ठेवून दाखवलं, "मॅडम, लिखा तो था." होतं खरं लिहिलेलं, अगदी मुंगीएवढ्या अक्षरात.

तर दादा, सूट मिळाली तर चार गोष्टी लेखी घ्या. सूट कशावर, नुसत्या ट्यूशनवर की सगळ्यावर. किती वर्षं. कुठल्या अटीवर. आणि फी वाढली तर सूट रुपयांत राहणार की टक्क्यांत. हा चौथा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

काउंटर_नंबर_चार
ताई, चौथा प्रश्न लाखाचा विचारलात. रामबागकर, तुमच्या फी-पत्रकात खाली कुठेतरी "दरवर्षी बदल होऊ शकतो" असं असेल. ७ टक्के वाढ धरून बघा. ११.८० चे चार वर्षांत ४७ लाख होत नाहीत, ५२ लाखांच्या पुढे जातात.

रामबागकर
आहे. तेच वाक्य आहे, पान चार, तळटीप. 🙏

सुदामानगर_सी
मला तर कळतच नाही हे सगळं. बीए करायला ५२ लाख? ५२ लाख एफडीत टाका, ७ टक्क्यांनी महिना ३० हजार व्याज येतं, जन्मभर. मुलगी घरी बसून खाईल. आमच्या वेळी होळकर कॉलेजातून लोक शिकून कुठल्या कुठे गेले, १८९१ चं कॉलेज आहे ते.

रामबागकर
काका, ५२ लाख असते तर हा धागा काढलाच नसता.

जिरावण
😂 धागा वसूल.

सराफ्यातली
आणि "मुलगी घरी बसून खाईल" वर मी काही बोलत नाही. एरवी बोलले असते.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. इथे अर्थशास्त्राचं चाललंय, पण वाचणाऱ्यांत इंजिनियरिंगवाले पालक जास्त असणार म्हणून मध्येच घुसतो.

मध्य प्रदेशात मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे, २०१७ पासून. बारावीला एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के, आणि जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आत रँक. सरकारी कॉलेजात फी सरकार भरतं, खासगीत दीड लाखापर्यंत. उत्पन्नाची अट आहेच. दुसरी गोष्ट म्हणजे टीएफडब्ल्यू, फी-माफीच्या जागा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षण परिषद, तिच्या मान्यतेच्या संस्थांत ५ टक्के जास्तीच्या जागा असतात, ट्यूशन माफ, उत्पन्न ८ लाखांच्या आत. काउन्सेलिंगला पर्याय भरताना तो वेगळा टाकावा लागतो. माझ्या पुतण्याच्या वेळी टाकलाच नाही. घरातले चौघे शिकलेसवरलेले, कोणीही तो रकाना वाचला नाही. अजून जेवताना विषय निघतो.

आणि काही खासगी विद्यापीठांत फी रँकवर असते. व्हीआयटीत एक ते पाच अशा फीच्या श्रेण्या आहेत, त्यांचं भोपाळ कॅम्पस तर तुमच्या इंदूर-भोपाळ रस्त्यावरच, कोठरीला. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या फीमध्ये दुपटीचा फरक असू शकतो. म्हणजे प्रवेश परीक्षेच्या आधीचे सहा महिने हीच तुमची सगळ्यात मोठी स्कॉलरशिप. पोराला क्लासला घालताना हे सांगा. नुसतं "अभ्यास कर" म्हणून काही होत नाही, आकडा दाखवला की जरा हलतात.

दांडियाबाजार
बडोद्याहून. आमच्याकडे एमवायएसवाय आहे, मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना. बारावीला ८० पर्सेंटाइल आणि उत्पन्न ६ लाखांच्या आत असेल तर स्वनिर्भर (विनाअनुदानित) कॉलेजातल्या इंजिनियरिंगसारख्या अभ्यासक्रमाची अर्धी ट्यूशन फी, ५० हजारांच्या मर्यादेत. मेडिकलला २ लाखांपर्यंत. रामबागकरांना उपयोग नाही, त्यांची रेघ इथे अजूनच खाली.

माझ्या मुलीचं आम्ही वेगळं केलं. पदवी इथेच, सयाजीराव विद्यापीठात, नेहमीच्या फीवर. "हायर पेमेंट"वाली, जास्त फीची जागा घ्यायलाही मी नकार दिला. बाहेरचं जे काय महाग शिकायचं ते एमएला शिक, तेव्हा मी आहे असं म्हटलं. तीन वर्षांत जे साठलं ते आता तिच्या मास्टर्सला कामी येतंय. पण हेही सांगते, की तीन वर्षं तिने माझ्याशी दर अॅडमिशन सीझनला अबोला धरला. मैत्रिणींचे फोटो यायचे ना.

अवांतर: ज्यांना मदत मागायची लाज वाटते त्यांच्यासाठी. बाबासाहेबांचा जन्म तुमच्या इंदूरजवळच्या महूचा, १८९१ चा. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते आमच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. शिकून आल्यावर संस्थानात नोकरी करायची असा करारही होता. तेव्हासुद्धा पैसे अर्ज करून आणि सही करूनच मिळत होते.

रामबागकर
सगळ्यांचे आभार. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची स्कॉलरशिपही बघितली, एकूण २ लाखांपर्यंत मिळते आणि उत्पन्नाची मर्यादा १५ लाख. म्हटलं, चला, ही तरी रेघ वर आहे. फॉर्म १६ काढला तर माझा आणि बायकोचा पगार मिळून आम्ही तिच्याही वर, थोडक्यात. बायको म्हणाली, मी नोकरी सोडू का? गंमतीत म्हणाली. मला वाटतं गंमतीतच.

तिसरं_वर्ष
मी उज्जैनची. दिल्लीजवळच्याच अशा एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. काका, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये एक वाक्य लिहिलंय आणि बाकी सगळे त्यावरून सरळ पुढे गेलेत. "फॉर्म भरलेला नाही." तो भरा. आज भरा.

माझ्या घरचं उत्पन्न तुमच्यापेक्षा थोडं जास्तच आहे आणि मला ट्यूशनमध्ये ४० टक्के सूट आहे. माझ्या मजल्यावरच्या निम्म्या मुलींना काही ना काही आहे, फक्त कोणी गळ्यात पाटी अडकवून फिरत नाही. ही सरकारी योजना नव्हे. तिथे एकच रेघ नसते. ते बघतात की घरात येतं किती, आणि हप्ता, औषधं, धाकट्याची फी जाऊन उरतं किती. इन्कम टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गृहकर्जाचं स्टेटमेंट, सगळं मागतात. माझ्या बाबांनी पहिल्यांदा "आजोबांचा औषधखर्च" हा रकाना रिकामा ठेवला होता. म्हणे, घरातल्या म्हाताऱ्याचा खर्च लोकांना काय दाखवायचा. मग दाखवला.

पहिलं उत्तर कमी आलं तर अपील करता येतं. एक पान लिहा, रडू नका, फॉर्ममध्ये न आलेली नवीन गोष्ट तेवढी लिहा आणि कागद जोडा. "मुलगी फार हुशार आहे" लिहून उपयोग नाही, तिथे सगळ्याच हुशार आहेत.

फीच्या बाहेरचा खर्चही धरा. सुट्टीत मेस बंद असते. शनिवार-रविवारी सगळे बाहेर खायला जातात आणि दर वेळी "मला भूक नाही" म्हणता येत नाही. घरी यायला मी मालवा एक्सप्रेसचं स्लीपर धरते, वर्गातल्या मुली विमानाने जातात, याचं पहिल्या सेमिस्टरला खूप वाटलं, आता नाही वाटत. दुसऱ्या वर्षापासून प्राध्यापकांच्या हाताखाली काम मिळतं, माझा वरखर्च त्यात निघतो. पण पहिल्या वर्षी महिना सहा-सात हजार घरून लागतातच.

आणखी एक. इथे मन लागलं नाही तर, किंवा तुमच्याकडून नाहीच जमलं तर, भोपाळला २०२३ पासून अझीम प्रेमजी विद्यापीठाचं कॅम्पस आहे. तिथेही घरच्या उत्पन्नावर सूट ठरते. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तो अर्ज भरून ठेवावा.

काउंटर_नंबर_चार
मुली, शाबास. मी बँकेच्या पलीकडे विचारच केला नव्हता.

राहिलेलं थोडक्यात. सुकन्या खात्यातून मुलगी दहावी झाल्यावर किंवा अठराची झाल्यावर शिक्षणासाठी पैसे निघतात, मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत. प्रवेशाचं पत्र आणि फीची पावती किंवा मागणीपत्र जोडावं लागतं. बाकीचे चालू ठेवा, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पिकतं.

करात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, ८०ई म्हणतात ती, व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं. मुद्दलाला नाही. आणि ती फक्त जुन्या करपद्धतीत. नवीन पद्धतीत असाल तर हिशेबातून काढून टाका, ब्रोशरवाले अजून दाखवतात.

कोणीतरी तुम्हाला गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्या म्हणेल. दर कमी असतो हे खरं. पण त्याचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, आणि घर पुन्हा गहाण. शैक्षणिक कर्जात मुलगी मुख्य कर्जदार असते, तुम्ही सहकर्जदार, आणि चार-पाच वर्षांची उसंत असते. तुमचं वय पन्नासच्या आसपास असणार. पीएफ काढू नका. माझ्या काउंटरवर पोरांच्या शिक्षणाला पीएफ काढलेले लोक दहा वर्षांनी वैयक्तिक कर्जाला यायचे, साठीच्या माणसाला ते मिळायचं नाही, आणि नाही म्हणायचं काम माझं असायचं.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर यूजीसीचा २०१८ चा नियम माहीत असू द्या. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी सोडलं तर जवळजवळ पूर्ण फी परत, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, मग काही नाही. आणि मूळ मार्कशीट कोणालाही ठेवून घेता येत नाही. सीयूईटीचा निकाल येईपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असेल तर या तारखा कॅलेंडरवर लिहा.

जिरावण
दोन दगडांवर पाय ठेवा असा सल्ला देणारा पहिला बँकवाला बघितला.

रामबागकर
काल रात्री फॉर्म भरायला बसलो. लिहितोय कारण कोणालातरी सांगायचंय.

जेवणाचं टेबल, लॅपटॉप, मुलगी टाइप करणार, मी कागद काढून देणार. पहिलं पान सोपं गेलं. दुसऱ्या पानावर: घरात वाहनं किती, कुठल्या सालची. मुलीने लिहिलं, स्कूटर २०११, कार २०१६. एसी किती. एक. मागच्या तीन वर्षांत परदेशप्रवास. नाही. देशांतला प्रवास. मी म्हटलं, गाणगापूर लिहू का? मुलगी हसली, बायको हसली नाही. मग आला रकाना, "कुटुंबाला मदत का हवी, शंभर शब्दांत." तिथे माझा हात थांबला. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, कोणाचे दोन रुपये ठेवले नाहीत. बहिणीच्या लग्नात काढलेलं कर्जसुद्धा मुदतीच्या आधी फेडलं. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, राहू दे, आपण कोणापुढे हात पसरणारे नाही.

आई सोफ्यावर होती, मला वाटलं झोपली आहे. म्हणाली, "कसला हात? अर्ज आहे ना तो? मग अर्ज कर. मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देते, माझ्या हक्काच्या पेन्शनीला. मला काय कमी लाज वाटायची पहिल्यांदा?" आणि मुलीला म्हणाली, "लिही गं, आजीचा गुडघा लिही."

गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं. ३ लाख ४० हजार. ते आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

पण घाईत बिलं सापडली नाहीत, म्हणून फॉर्म तसाच पाठवला. शेवटची तारीख होती.

तिसरं_वर्ष
बिलं सापडली की ठेवून द्या. अपीलला लागतील. आजीला माझा नमस्कार.

सुदामानगर_सी
माझं आधीचं म्हणणं मी मागे घेत नाही. पण तुमच्या मातोश्रींना माझाही नमस्कार.

रामबागकर
तीन आठवड्यांनी परत आलो. उशिराबद्दल माफी, खूप पळापळ झाली.

पहिलं उत्तर आलं, ट्यूशनमध्ये ५० टक्के सूट. एका पानाचं अपील केलं, ऑपरेशनचं बिल आणि डिस्चार्ज समरी जोडली, बाकी एक शब्द नाही. सहा दिवसांनी ५० चे ६० झाले. सराफ्यातली ताईंचे चारही प्रश्न मी ईमेलने विचारले आणि उत्तर छापून फाइलला लावलं: सूट ट्यूशनवर, टक्क्यांत, चारही वर्षं, सीजीपीएची अट नाही, नापास होऊन वर्ष वाया जाता कामा नये एवढंच.

म्हणजे ट्यूशनचे ३ लाख ६८ हजार आणि होस्टेल-मेसचे २ लाख ६० हजार, वर्षाला ६ लाख २८ हजार. ७ टक्के वाढ धरून चार वर्षांचे सुमारे २८ लाख. सुकन्यातून निम्मे म्हणजे ३ लाख ४५ हजार निघाले. कर्ज १० लाख, त्याहून एक रुपया जास्त घ्यायचा नाही असं ठरवलं. आईने दोन लाखांची एफडी न विचारता मोडली आणि मोडल्यावर सांगितलं. उरलेले साडेबारा लाख आमच्या पगारातून, महिना २६ हजार, वर कर्जाचं व्याज आणि तिचा वरखर्च. तीन वर्षांनी घराचा हप्ता संपतो, तोवर ओढाताण आहे. स्वयंपाकघराचं काम राहिलं, कार अजून पाच वर्षं चालवायची. धाकट्याला विचारलं, तुझं काय, तर म्हणतो मी व्हीआयटीला पहिल्या श्रेणीत रँक आणतो. हा धागा त्याने वाचलाय असं दिसतंय.

एक वाईटही झालं. मोठे भाऊ रुसलेत. "घरातल्या गोष्टी बाहेर लिहून दिल्या" म्हणतात. बघू, गणपतीत येतीलच.

काल बँकेत गेलो होतो. सव्वीस पानांवर सह्या. मुलीची पहिलीच बँकेतली सही, तिने देवनागरीत केली, आजीसारखी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. पलीकडच्या बाईंनी कागद फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "बेटा, पंद्रह साल यही साइन करनी पडेगी, सोच लो." तिने पेन हातात धरून जरा विचार केला. मग दुसऱ्या पानापासून शेपूट आखूड केलं. पहिल्या पानावर पुन्हा सही करावी लागली.

जिरावण
अभिनंदन, भिया! पोहे तुमच्याकडून. वर भुरभुरायचं जिरावण मी आणतो.

दांडियाबाजार
मस्त. पोरीला सांगा, अबोला धरायची वेळ आली तर आजीशी धरू नकोस.

नवीन_सभासद_महू
नमस्कार, आमचं पुढच्या वर्षी आहे, सगळा धागा वाचून काढला. एक शंका. वाहनांच्या रकान्यात विकलेली गाडी धरायची का? पैसे घेतलेत पण समोरच्याने अजून नाव बदलून घेतलेलं नाही.

रामबागकर
आरसी तुमच्या नावावर असेल तर धरा, आणि विक्रीचा कागद जोडा. आणि आधी त्याला गाठून नाव बदलून घ्या, चलान तुम्हालाच येतील.